सर खाडीचं भांडण मुंबईत सुरू झालं : महाराष्ट्राच्या खासदारांना खुलं पत्र

महाराष्ट्रातून लोकसभेत आणि राज्यसभेत गेलेल्या सर्व खासदारांस,

सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या दसऱ्याला संरक्षणमंत्री भुजमध्ये होते. तिथे बोलताना त्यांनी सर खाडीवरून पाकिस्तानला इशारा दिला आणि कराचीला जाणारा एक रस्ता याच खाडीतून जातो, याची आठवण करून दिली. ते भाषण आपण ऐकलंच असेल. हा कच्छचा आणि सिंधचा विषय, तेव्हा तो गुजरातच्या खासदारांनी आणि दिल्लीच्या अधिकाऱ्यांनी पाहावा, असं आपल्याला वाटणं स्वाभाविक आहे. मला तसं वाटत नाही, म्हणून हे पत्र.

मी पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीवर आयुष्यभर इतिहास शिकवला. ज्या ठरावाचा अर्थ लावण्यावरून भारत आणि पाकिस्तान इतकी वर्षं अडून बसले आहेत, तो ठराव मुंबई सरकारचा आहे. आणि या अडून बसण्याची किंमत जे तुरुंगात मोजतात, त्यांत डहाणू, तलासरी, पालघरचे खलाशी आहेत. वादाचा उगम आपल्याकडचा, त्याचा मारही आपल्याच माणसांना. तरी हा प्रश्न महाराष्ट्राच्या खासदारांच्या तोंडी क्वचितच ऐकू येतो.

आधी उगमाबद्दल सविस्तर लिहितो, कारण तो नीट समजला की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.

सर खाडी ही कच्छच्या रणाच्या पश्चिम टोकाला असलेली, सुमारे ९६ किलोमीटर लांबीची भरती-ओहोटीची खाडी. पूर्वेला कच्छ, पश्चिमेला सिंध. जुन्या काळी तिला बाणगंगा म्हणत. दोन्ही काठांवर दलदल, वस्ती जवळजवळ नाही. १९०८ मध्ये इथे भांडण झालं ते सरपणावरून. खाडीकाठचं लाकूड कोणी तोडायचं, यावर कच्छचे राव आणि सिंधचे कमिशनर यांच्यात तक्रार उभी राहिली. गादीवर तेव्हा खेंगारजी तिसरे होते. लाकडाचा हक्क कोणाचा हे ठरवायचं तर जमीन कोणाची हे आधी ठरवायला हवं, आणि तिथून प्रश्न हद्दीवर गेला.

आता हे दोन्ही पक्ष कोणाच्या अखत्यारीत होते ते पाहा. सिंध ब्रिटिशांनी १८४३ मध्ये जिंकला आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला. १९३६ पर्यंत, म्हणजे ८९ वर्षं, कराचीचा कारभार मुंबईहून चालत होता. कराचीतल्या नारायण जगन्नाथ हायस्कूलला ज्यांचं नाव आहे ते नारायण जगन्नाथ वैद्य मराठी होते. मुंबई सरकारच्या शिक्षण खात्यातून ते सिंधमध्ये गेले आणि सिंधी शिक्षणाच्या पायाभरणीत त्यांचा वाटा मोठा आहे. हे जरा विषयाबाहेरचं झालं, पण सिंध आणि मुंबई यांच्यातलं अंतर तेव्हा किती कमी होतं हे यावरून कळतं. दुसरीकडे कच्छ संस्थान होतं खरं, पण त्याच्यावर देखरेख मुंबई सरकारचीच होती. वादी आणि प्रतिवादी दोघांचाही वरिष्ठ एकच.

त्या वरिष्ठाने तडजोड घडवून आणली. पूर्वेकडच्या कोरी खाडीपर्यंतच्या मुलुखावर सिंधचा दावा होता, तर रावांचा दावा सर खाडीच्याही पश्चिमेला जात होता. सिंधने कोरी आणि सर या दोन खाड्यांमधल्या पट्ट्यावरचा हक्क सोडायचा, रावांनी सर खाडीच्या पलीकडचा सोडायचा, असं ठरलं. २४ फेब्रुवारी १९१४ रोजी मुंबई सरकारने तसा ठराव केला. लॉर्ड विलिंग्डन तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते. ठरावाबरोबर नकाशा होता. तोच पुढे ‘बी-४४’ या खुणेने प्रसिद्ध झाला.

सगळा घोळ या ठरावाच्या नवव्या आणि दहाव्या परिच्छेदांत आहे. नवव्या परिच्छेदात हद्द नकाशावरच्या हिरव्या रेषेने सांगितली आहे, खाडीच्या मुखापासून तिच्या माथ्यापर्यंत, आणि तिथून पुढे पूर्वेकडे निळ्या तुटक रेषेने. नकाशात ती हिरवी रेषा खाडीच्या पूर्व काठाने गेली आहे. तेवढंच वाचलं तर अख्खी खाडी सिंधची होते, आणि पाकिस्तान आज तेच म्हणतो. दहाव्या परिच्छेदात मात्र सिंधच्या कमिशनरचं म्हणणं नोंदवलं आहे. खाडी वेळोवेळी आपला प्रवाह बदलते, म्हणून रावांना द्यायच्या प्रदेशाची पश्चिम हद्द ही सर खाडीच्या नौकानयनयोग्य प्रवाहाचा मध्य, अशी लिहावी, असं ते म्हणणं. हे वाचलं तर खाडी निम्मी-निम्मी होते, आणि भारत तेच म्हणतो.

प्रवाहाचा मध्य ही सूचना आली कोणाकडून? सिंधच्या कमिशनरकडून, म्हणजे ज्याचा वारसा आज पाकिस्तानकडे आहे त्या बाजूकडून. माझ्या मते भारताच्या हातातला हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. त्याला १९२५ च्या नकाशाचीही जोड दिली जाते. त्यात सीमेच्या खुणा खाडीच्या मध्यावर दाखवल्या आहेत, असं भारत सांगतो. प्रवाहाच्या मध्याचं तत्त्व नद्यांना लागू होतं, भरतीच्या खाडीला नाही, हे पाकिस्तानचं त्यावरचं उत्तर. मला ते पटत नाही. १९१४ च्या अधिकाऱ्यांनी ते तत्त्व याच खाडीसाठी सुचवलं होतं आणि मोठ्या भरतीत तिथून बोटी जातात. पण हिरवी रेषा पूर्व काठावर आहे हेही खरं. पाकिस्तानने ती मनाने काढलेली नाही. आपल्या जनतेला हे दोन्ही सांगायला हवं.

अशी संदिग्धता शिल्लक राहिली कशी, याचं उत्तर त्या काळाच्या व्यवस्थेत आहे. एकाच वाड्यात राहणाऱ्या दोन भावांनी सरपणाच्या ढिगावरून वाद मिटवावा आणि वडिलांनी दोन ओळींची चिठ्ठी लिहून ठेवावी, तसा तो ठराव होता. पुढे कधी अडलंच तर वडीलच अर्थ सांगतील, हे गृहीत होतं. १९२४ मध्ये कच्छवरची देखरेख मुंबईकडून काढून थेट भारत सरकारकडे गेली. १ एप्रिल १९३६ ला सिंध स्वतंत्र प्रांत झाला. आणि १९४७ मध्ये अर्थ सांगणारंच कोणी उरलं नाही.

फाळणी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर रॅडक्लिफ येतो. पण रॅडक्लिफच्या हाती फक्त पंजाब आणि बंगालची वाटणी होती. सिंध अख्खा पाकिस्तानात गेला, कच्छ संस्थान भारतात आलं, आणि दोघांमधली हद्द कोणीही नव्याने आखली नाही. प्रांत आणि संस्थान यांच्यामधली जुनी प्रशासकीय रेषा जशी होती तशी, तिच्या अर्धवट खुणांसह, एका रात्रीत आंतरराष्ट्रीय सीमा झाली. फाळणीने वाद निर्माण केला असं म्हणणं पुरतं खरं नाही. मिटलेल्या घरगुती वादातली एक सैल जागा तिने दोन सार्वभौम देशांच्या मधोमध आणून ठेवली.

१९४८ च्या जुलैमध्येच पाकिस्तानने कच्छ-सिंध हद्द अनिर्णित असल्याचं भारताला कळवलं. १९५६ मध्ये रणातल्या छाड बेटावरून चकमक झाली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला कच्छ द्विभाषिक मुंबई राज्यात आलं आणि १ मे १९६० पर्यंत राहिलं. त्या साडेतीन वर्षांत आपल्या संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्या राज्याचं विभाजन आपण मागत होतो, त्या राज्याची एक हद्द सर खाडीवर होती. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत हे मला कुठे दिसलं नाही.

१९६५ च्या एप्रिलमध्ये रणात उघड लढाई झाली, सरदार पोस्ट, कंजरकोट, बियार बेट. ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांच्या मध्यस्थीने युद्धबंदी झाली आणि प्रश्न तीन सदस्यांच्या लवादाकडे गेला. स्वीडनचे गुन्नार लागरग्रेन अध्यक्ष, भारताने सुचवलेले युगोस्लाव्हियाचे अलेश बेबलर आणि पाकिस्तानने सुचवलेले इराणचे नसरुल्ला एंतेजाम. १९ फेब्रुवारी १९६८ रोजी निवाडा आला. पाकिस्तानने सुमारे ३,५०० चौरस मैलांवर दावा सांगितला होता. त्यातले सुमारे ३५० चौरस मैल त्याला मिळाले. कंजरकोट आणि छाड बेट गेलं. बेबलर यांनी भिन्न मत नोंदवलं.

देशात संताप झाला, कच्छ सत्याग्रह झाला. पुण्यात वाढलेले आणि तेव्हा बिहारमधल्या मुंगेरचे खासदार असलेले मधू लिमये त्यात होते. ते सर्वोच्च न्यायालयातही गेले. रणाच्या त्या भागात जायला निघालेल्या लिमयेंना अडवून परत पाठवलं गेलं, हा उल्लेख १९६९ च्या निकालात येतो. न्यायालयाने सांगितलं की हा भूभाग दुसऱ्याला देणं नसून वादग्रस्त हद्द निश्चित करणं आहे, त्याला घटनादुरुस्ती लागत नाही. लिमये हरले. पण खासदार म्हणून त्यांनी कच्छचा प्रश्न स्वतःचा मानला, त्यासाठी रणापर्यंत गेले आणि न्यायालयात उभे राहिले. आपला मतदारसंघ तिथे नाही, हे कारण त्यांनी दिलं नाही. आपल्याला लिहिताना मला ते नाव पुन्हा पुन्हा आठवतं.

त्या लवादापुढे एक गोष्ट घडली, तिची मला फार हळहळ वाटते. रणाच्या पश्चिम टोकाचा भाग, म्हणजे सर खाडी आणि तिच्या माथ्यापासून पूर्वेकडे जाणारी निळी तुटक रेषा, यावर आपला वाद नाही असं दोन्ही देशांनी तेव्हा मान्य केलं. म्हणून लवादाने त्या भागाला हात लावला नाही. नवव्या आणि दहाव्या परिच्छेदाचा अर्थ एकदाचा लागण्याची संधी त्या वेळी होती. रणाच्या वैराण पट्ट्यासाठी लढलेल्या दोघांनाही या खाडीचं महत्त्व तेव्हा वाटलं नाही.

ते वाटलं समुद्राच्या कायद्यामुळे. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यावर आणि तळावर त्या देशाचा आर्थिक हक्क, ही कल्पना १९७० च्या दशकात रुजली आणि १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारात पक्की झाली. शेजारी देशांमधली समुद्रातली रेषा जमिनीवरची सीमा जिथे संपते तिथून सुरू होते. ते टोक खाडीच्या मध्यावर धरायचं की पूर्व काठावर, यावर आत समुद्रात मासळीचं आणि कदाचित तेल-वायूचं मोठं क्षेत्र इकडचं तिकडे होतं. सरपणाचं भांडण असं अरबी समुद्रात पोचलं.

१९८९ पासून बोलणी झाली. २००७ मध्ये दोन्ही देशांच्या पथकांनी खाडीचं संयुक्त सर्वेक्षण केलं, नकाशांची देवाणघेवाण झाली. १९१४ नंतर खाडी कशी आणि किती सरकली, याची आकडेवारी तेव्हापासून दोघांकडेही आहे. तज्ज्ञांनी करायचं काम झालेलं आहे. २०१२ नंतर बोलणी थांबली आणि त्यानंतर मैदानात उरली ती भाषणं.

फाळणीच्या दुसऱ्या टोकाला काय झालं ते आठवून पाहा. बंगालच्या उपसागरात भारत आणि बांगलादेश यांच्यातही असाच वाद होता, तोही रॅडक्लिफच्या निवाड्यातली रेषा नदीच्या मुखाशी नक्की कुठे संपते यावरून. जुलै २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाला दिले. भारताने तो निवाडा मानला. आकाश कोसळलं नाही. पाकिस्तानशी असलेलं नातं वेगळं आहे, दहशतवादाच्या जखमा आहेत, हे मला मान्य आहे, आणि त्यामुळे खाडीची हद्द ठरायला आणखी वीस वर्षं लागतील असंही धरून चालू. माझं मागणं हद्द उद्या ठरवा असं नाहीच. ती ठरेपर्यंत तिच्या नावाने मच्छीमारांना कोंडू नका, एवढंच आहे.

पालघर जिल्ह्यातली माणसं तिथे कशी पोचतात हे आपल्यातल्या किनाऱ्यावरच्या खासदारांना सांगायला नको, इतरांसाठी लिहितो. डहाणू-तलासरीकडच्या आदिवासी पाड्यांवरची तरुण मुलं पावसाळ्यानंतर उचल घेऊन गुजरातला जातात आणि वेरावळ, पोरबंदर, ओखा, मांगरोळच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून कामाला लागतात. मी शिकवलेली कितीतरी मुलं या कामावर गेली. बोट कुठवर न्यायची हे तांडेल, म्हणजे बोटीवरचा प्रमुख, ठरवतो, बोटीचा मालक बंदरावर असतो. सिंधूच्या मुखाजवळचं पाणी मासळीने समृद्ध आहे आणि मासळी कमी होत चालली तशा बोटी पुढे पुढे सरकतात. पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा बोट पकडते, ती कराचीला नेते. बोट जप्त आणि खलाशी तुरुंगात. शिक्षा काही महिन्यांची असते, मुक्काम काही वर्षांचा होतो, कारण नागरिकत्वाची खातरजमा दोन सरकारांच्या टेबलांवर पडून राहते. सुटका होते ती बहुधा दोन्ही देशांना एकमेकांना सदिच्छा दाखवायची असते तेव्हा.

२००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. १ जानेवारी २०२५ च्या यादीत पाकिस्तानकडे आपले २१७ मच्छीमार होते, आपल्याकडे त्यांचे ८१. त्या ८१ घरांतही हीच वाट पाहणं आहे, सिंधच्या किनाऱ्यावरच्या तितक्याच गरीब वस्त्यांत. नोव्हेंबर २०२१ मध्ये गोळीबार झाला तेव्हा आपल्या पालघर जिल्ह्यातला एक खलाशी बोटीवर जागीच गेला. तुरुंगात मरण पावलेल्यांचे देह घरी यायला कित्येक आठवडे लागल्याचं आपण वाचलं आहे.

मागे राहिलेल्या बायकांची अवस्था अशी की कुठल्या दारात जावं हेच कळत नाही. बोट गुजरातमध्ये नोंदलेली, मालक गुजरातचा, माणूस महाराष्ट्राचा. एका राज्याचं मत्स्य खातं दुसऱ्याकडे बोट दाखवतं. हे मी शेजारच्या पाड्यांवर अनेकदा पाहिलं आहे. कामाचा लेखी करार नाही, त्यामुळे मालकाकडूनही काही मिळेलच असं नाही.

ज्या १९८२ च्या करारामुळे या खाडीला एवढी किंमत आली, त्याच करारात या माणसांसाठीही तरतूद आहे. कलम ७३ सांगतं की २०० सागरी मैलांच्या या आर्थिक क्षेत्रातल्या मासेमारीच्या नियमभंगासाठी, दोन देशांत तसा करार असल्याखेरीज, तुरुंगवासाची शिक्षा देता येत नाही. वाजवी जामीन घेऊन बोट आणि खलाशी लवकर सोडायचे असतात. कलम ७४ सांगतं की हद्द ठरेपर्यंत दोन्ही देशांनी समजुतीने तात्पुरती व्यवहार्य व्यवस्था करण्याचा पुरेपूर प्रयत्न करावा. भारताने हा करार १९९५ मध्ये आणि पाकिस्तानने १९९७ मध्ये स्वीकारला. किनाऱ्यालगतच्या १२ सागरी मैलांत कलम ७३ लागू नाही, हे मी जाणतो. पण त्यापलीकडे पकडलेल्यांवरही बेकायदा प्रवेशाचा गुन्हा लावून दोन्ही देश या कलमाला वळसा घालतात, आणि त्यावर आपल्या संसदेत कडक प्रश्न विचारला जात नाही. मासेमारीच्या जागा दोन्ही देश आपापल्या आर्थिक क्षेत्रात अभिमानाने मोजतात, त्याच क्षेत्रात पकडलेल्या माणसाला मात्र घुसखोर ठरवतात. हे मला अन्यायाचं वाटतं, आपल्या सरकारकडून होतं तेव्हाही तितकंच.

म्हणून आपणा सर्वांकडे माझं मागणं आहे. येत्या अधिवेशनात परराष्ट्र मंत्रालयाला विचारा की कलम ७३ प्रमाणे वागण्याचा प्रस्ताव भारताने पाकिस्तानपुढे ठेवला आहे का, आणि नसेल तर आपल्याकडच्या पाकिस्तानी मच्छीमारांपासून त्याची सुरुवात करायला काय हरकत आहे. कैद्यांसाठी २००७ मध्ये दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती नेमली होती, तिच्या तुरुंगभेटी पुन्हा सुरू कराव्यात असा आग्रह धरा. वादग्रस्त पट्ट्यात चुकून शिरलेली बोट पकडून नेण्याऐवजी समज देऊन परत पाठवायची, एवढा साधा करार तटरक्षक दलांच्या पातळीवर होऊ शकतो. त्यासाठी कोणाच्या नकाशावरची एक रेषाही हलवावी लागत नाही.

दुसरं मागणं आपल्या राज्यापुरतं. मुंबई सरकारचं जुनं दप्तर फोर्टमधल्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, राज्य पुराभिलेखागारात आहे. सिंध आणि कच्छ यांच्या हद्दीसंबंधी त्यात जे जे आहे ते शोधून, मराठी प्रस्तावनेसह छापावं, यासाठी आपण राज्य सरकारला भाग पाडू शकता. १९१४ च्या ठरावाबद्दल इतकं बोललं जातं, पण सामान्य वाचकाला तो मराठीत वाचायला मिळालेला नाही. २००७ चा संयुक्त सर्वेक्षणाचा नकाशाही केंद्राने आता संसदेपुढे ठेवावा. तो पाकिस्तानकडे आहेच, मग गुप्तता कोणापासून?

आणि पुढची कैद्यांची यादी येईल तेव्हा परराष्ट्र मंत्रालयाकडून त्यातल्या महाराष्ट्राच्या नावांची गाववार माहिती मागवून घ्या. पालघरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात या कुटुंबांसाठी एक जबाबदार अधिकारी नेमायला लावा, म्हणजे गुजरात की महाराष्ट्र हा प्रश्न त्या बाईला विचारावा लागणार नाही. नागरिकत्वाची कागदपत्रं तिच्या घरून तलाठी, पोलीस ठाणं आणि मंत्रालय या वाटेने किती दिवसांत दिल्लीला पोचतात, याचा हिशोब दर महिन्याला त्या अधिकाऱ्याकडून घ्या. त्या कागदाला होणारा उशीर पाकिस्तानमुळे होत नाही, तो आपल्या हातातला आहे.

आपला,
पालघर जिल्ह्यातला एक निवृत्त शिक्षक आणि मतदार